शिडीच्या कारखान्यातली बिनलोलकाची घंटा

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटा आहे. माझा लोलक गेल्याचे ज्या सकाळी कळले, त्या सकाळी पॉलिशवाल्या काकूंनी माझी दोरी ओढली आणि मी नुसतीच डोलले. त्यांनी पुन्हा ओढली. मी पुन्हा डोलले. मग त्यांनी मान वर करून माझ्या पोटात पाहिले.

"अगं बाई! हिच्या आत तर काहीच नाही."

मागून मालक आले. म्हणाले, "वाजली नाही ना? मग तक्रार नाही. चला कामाला."

एका लोलकाचे एवढे काय, असे तुम्हाला वाटेल. म्हणून पहिल्यापासून सांगते.

मला ओतताना साच्यात हवेचा बुडबुडा अडकला. इतर घंटा 'ठण्' वाजतात, मी 'ठप्' वाजते. एका शाळेने मला परत पाठवले, कारण शाळा सुटली की कुणी पातेले पाडले, हे मुलांना कळेना. मग मी दुकानाच्या कोपऱ्यात धूळ खात पडले. तिथून मला बाईंनी उचलले.

बाई म्हणजे मालकांची बायको. शिड्यांचा कारखाना दोघांचा होता. मालक पक्के कारागीर, पण कोणी चूक दाखवली की त्यांचे नाक लाल व्हायचे. बाईंचे उलटे. चूक सापडली की त्यांना हरवलेली किल्ली सापडल्यासारखा आनंद व्हायचा. त्यांनी मला तुळईला टांगले, जाड दोरी बांधली आणि सगळ्यांना बोलावले.

"ज्याला वाटेल काही चुकतंय, त्याने दोरी ओढायची. सगळ्यांनी काम ठेवून यायचं. कुणी केलं ते विचारायचं नाही, का झालं ते विचारायचं. उपाय माहीत नसला तरी ओढायची. उपाय शोधायला आपण सगळे आहोत."

"आणि मालकांचंच चुकलं तर?" सुतारदादांनी विचारले.

"तर दोनदा ओढा. त्यांना त्यांचं चुकलेलं एकदा ओढून ऐकू येत नाही."

मला पहिल्यांदा वाजवले ते सुतारदादांनीच, चहा पाणचट आहे म्हणून. सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "खरं आहे." दुसऱ्या दिवशी चहा सुधारला. तेव्हा लोकांना कळले, की ही बाई नुसती बोलत नाही, ऐकतेही.

मग कामाच्या गोष्टी निघू लागल्या. शिडीचे पाय फरशीवर घसरत होते. पायांना खिळे ठोकले. शिडी थांबली, पण गिऱ्हाइकांच्या फरशा फुटल्या. ठप्! पायांना गोणपाट गुंडाळले. ते भिजले की कुजायचे, आणि शिडीच्या आधी वास घरात शिरायचा. ठप्! रबर लावले. त्याचे काळे डाग पडू लागले. ठप्! प्रत्येक उपाय चुकीचा होता, पण आधीच्यापेक्षा कमी चुकीचा होता. बाई म्हणायच्या, "बघा, आता आपल्याकडे नवीन चूक आहे. जुनी तरी गेली ना!"

एकदा मालकांनी मोठ्या हौशीने शिडीच्या वरच्या पायरीवर चहाचा कप ठेवायला खाच केली. बाईंनी स्वतः दोरी ओढली.

"अहो, कप ठेवल्यावर माणसाने पाय कुठे ठेवायचा? कपात?"

मालकांचे नाक दिवसभर लाल होते. डबाही उघडला नाही. संध्याकाळी त्यांनी मुकाट्याने खाच बुजवली आणि मग दोघे एकाच डब्यातून जेवले.

घडीच्या शिडीची कडी हे बाईंचे शेवटचे काम. ती अडकली की शिडीचे पाय तिथेच थांबायचे, आणखी फाकायचे नाहीत. त्यानंतर बाई आजारी पडल्या आणि गेल्या.

मालकांनी सांगून टाकले, "तिने जे जसं केलंय, ते तसंच राहील." मग तसेच राहू लागले. चहाची पावडर बदलली, पण माप बाईंचेच, म्हणून चहा कडू झाला. लोक डोळे मिटून पिऊ लागले. पुढे एका सुट्टीच्या दिवशी मालकांनी माझा लोलक काढला आणि भंगारवाल्याला दिला. त्यांचा माझ्यावर राग नव्हता. मी वाजले की बाई सगळ्यांच्या आधी दारातून यायच्या. आता मी वाजायचे, मालक दाराकडे पाहायचे, आणि सुतारदादा यायचे.

काकूंनी त्या सकाळी दोरी ओढली ती बाईंच्या कडीसाठी. पॉलिश करताना त्यांना दिसले, की वापरून परत आलेल्या शिडीची कडी झिजून घसरते आहे. माणूस वर असताना ती सुटली तर?

"मालक, ती कडी..."

"ती तिने केलीय, काकू. विषय संपला."

शिड्या गाडीत भरून जात राहिल्या.

काही दिवसांनी मालकांनी बाईंचा मोठा फोटो आणला. तो त्यांना माझ्याशेजारच्या भिंतीवर स्वतःच्या हाताने लावायचा होता. सगळे अंगणात जेवायला बसल्यावर ते हातोडी घेऊन, तोंडात खिळा धरून कारखान्यातल्या वापराच्या शिडीवर चढले. कडी सुटली. शिडीने पाय फाकवले आणि सावकाश बैठक मारली. मालकांनी हातोडी टाकून माझी दोरी पकडली आणि लोंबकळले. मी जिवाच्या आकांताने हलले, पण आवाज कुठून येणार? तोंडात खिळा असल्याने त्यांनाही नुसते "ऊं ऊं" करता येत होते. अखेर त्यांनी खिळा थुंकला आणि ओरडले. काकू हातात घास घेऊनच आल्या.

"अगं बाई! काय झालं मालक?"

"कडी सुटली!"

"बाईंची? तो विषय तर संपला होता ना?"

"काकू, विषय राहू द्या, मी संपतोय! स्टूल आणा!"

स्टूल आले. मालक खाली उतरले आणि शिडीजवळ फरशीवरच बसले. कडी अडकवली, सोडली, पुन्हा अडकवली. नाक लाल झाले होते. बाकीचेही भोवती जमले.

"तिची कडी चुकली," ते शेवटी म्हणाले.

काकू शेजारी बसल्या. "झिजेल हे तेव्हा कुणाच्याच लक्षात आलं नाही. मी रोज पॉलिश करायचे, माझ्या तरी कुठे आलं?"

"मग सांगा, काय करायचं?"

"दोन्ही पाय दोरीने बांधू."

"म्हणजे उतरताना दोरीत पाय अडकून माणूस पडेल," सुतारदादा म्हणाले.

"मग तुम्ही सांगा, शहाणे!"

सुतारदादांनी जाडजूड कडी सांगितली. ती एका हाताने उचलेना. काकूंना फार बरे वाटले.

आता मला लोलक नाही, म्हणून माझ्याशेजारी एक पाना टांगला आहे. त्याने मला बडवतात. माझा आवाज पूर्वीपेक्षाही वाईट झाला आहे आणि तो वरचेवर येतो.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, असे मी म्हणणार नाही. पण तुमच्या घरात, वर्गात कुणी चूक दाखवली तर त्याला गप्प करू नका. चूक तुमच्या लाडक्या माणसाची असली तरी नाही. चूक दाखवल्याने त्या माणसावरचे प्रेम कमी होत नाही. लपवल्याने मात्र कुणीतरी पडते.

मालक रोज सायकल घेऊन विकलेल्या शिड्या परत आणायला जातात. बऱ्याच आणल्या. काही गिऱ्हाइकांची घरे सापडत नाहीत. त्या शिड्या अजून लोकांकडे आहेत, आणि नवी कडी अजून जमलेली नाही.