पाच किलोची इस्त्री

सभागृह खच्चून भरलं होतं. व्यासपीठावर फुलांनी झाकलेला वजनकाटा, शेजारी खुर्चीत हलकेबाबा. माणूस काट्यावर चढला की चेला फुलं जराशी बाजूला करून आकडा पुकारी, आणि तो मागच्या खेपेपेक्षा हमखास कमी भरे.

"काय झडलं?" बाबा विचारत.

"पाप," सगळे एका सुरात म्हणत.

"खाणं सोडलंत? नाही. घाम गाळलात? नाही. नुसते माझ्यासमोर बसलात, आणि पाप वितळलं."

मागच्या रांगेत बसलेल्या शिंपीणबाई ते ऐकत होत्या. त्या आल्या होत्या धाकट्या बहिणीसाठी. बहीण कारखान्यात पॅकिंगला होती. तीन महिन्यांत तिचं अकरा किलो वजन उतरलं होतं. गालफडं बसलेली, पाण्याची बाटली हातातून सुटत नव्हती. तिला व्यासपीठावर उभं करून बाबा म्हणाले, "ही माझी सगळ्यांत शुद्ध शिष्या." टाळ्यांचा कडकडाट झाला. ती खुर्चीची पाठ धरून उभी होती.

घरी बाईंनी तिला हजारदा विचारलं होतं, "अगं, जेवतेस ना नीट?"

"दुप्पट जेवते, ताई. तहान मात्र भागत नाही. सारखं लघवीला जावं लागतं. बाबा म्हणतात, पाप पाण्यावाटेच जातं."

"डॉक्टरकडे चल."

"बाबांनी मनाई केलीय. शुद्धी अर्धवट राहते म्हणे."

गेल्याच आठवड्यात बाईंनी पॅकिंगच्या सोळा बायकांच्या कामावरच्या कोटांची मापं घेतली होती. सगळ्या बाबांकडे येणाऱ्या, सगळ्या म्हणे तीन-तीन किलो हलक्या झालेल्या. वहीत पाहिलं, तर कमरा गेल्या वर्षीएवढ्याच. दोघींच्या तर वाढलेल्या. फक्त बहिणीची कंबर पाच इंच कमी. टेप सरकली असेल म्हणून बाईंनी दोनदा मोजलं होतं.

आज त्यांचा नंबर आला, तेव्हा त्या स्वतः चढल्या नाहीत. पिशवीतून दुकानातली लोखंडी इस्त्री काढून त्यांनी काट्यावर ठेवली. किराणावाल्याकडे ती पाच किलो भरली होती.

"वाच की रे."

चेल्यानं फुलांवर हात ठेवला. बाईंनीच फुलं झटकली. काटा दोनवर होता.

"पाच किलोची इस्त्री, बाबा. हिनं कसलं पाप केलं होतं? कुणाचा सदरा जाळला?"

कुणीतरी हसलं. बाईंनी काटा उलटा करून सगळ्यांना दाखवला. बुडाशी शून्य जुळवायची छोटी चाकी होती. दर बैठकीला चेला ती थोडी मागे फिरवी, आणि रिकामा काटा शून्याच्या मागे गेलेला फुलांखाली दडून राही.

"श्रद्धेला मोजमाप लावू नये, बाई," बाबा म्हणाले.

"काटा मी मांडला नाही, तुम्ही मांडलात."

तेवढ्यात पॅकिंगची मुकादमीण उठली. "पण हिचं तर खरंच उतरलंय. डोळ्यांना दिसतंय."

"तेच सांगतेय. तुमचं खोटं उतरलं, म्हणून तुम्ही ठणठणीत आहात. हिचं खरं उतरलंय. ही आजारी आहे, आणि तुम्ही टाळ्या वाजवताय."

बहीण खाली उतरली आणि ताईचा हात धरून निघाली.

दवाखान्यात रक्तातली साखर पाचशेच्या वर निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अजून आठवडाभर थांबला असतात, तर बेशुद्ध आणली असतीत. आपण काही न करता वजन उतरत राहिलं, की कारण शोधायचं. मधुमेह असेल, थायरॉइड असेल, क्षय, आतड्याचं दुखणं, कर्करोग. कधी मनही खचलेलं असतं. कधी साधंच काही निघतं. पण ते तपासल्यावर कळतं."

बहीण आता इन्सुलिन घेते, कामावरही जाते. बाबांनी गाशा गुंडाळला. दुसऱ्या शहरात नवा काटा घेतला म्हणे. तिथेही टाळ्या वाजत असतील. ऐकूनच किळस येते.

दुकानात कुणाची कंबर वहीतल्यापेक्षा बरीच कमी भरली, की शिंपीणबाई आता विचारतात, "मुद्दाम उतरवलंत?" समोरची नाही म्हणाली, की त्या टेप गुंडाळून ठेवतात.

"आधी डॉक्टरकडे जाऊन या. कोट थांबेल."