डोळे उघडे ठेवणारे आम्ही दोघे

मित्रांनो, आधी हात पुसून या. आणि माझी काच सदऱ्याच्या टोकाने पुसायची नसते, हे मी जन्मभर सांगत आलोय, पण माझं ऐकतो कोण! मी चर्चचा जुना रोलचा कॅमेरा. मेणबत्त्यांचा खोका आणि गायकवृंदाचे झगे यांच्या मधोमध, कपाटात माझा मुक्काम असतो. अंगाला मेणाचा वास येतो. पण दिसतं अजून ठणठणीत.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. डोळा उघडल्यावर मी जगात पहिल्यांदा काय पाहिलं असेल? तपासनीस बाईंचा अंगठा. तोही धूसर. मग खोक्यातला प्रवास, दुकानाची काच, आणि एके दिवशी फोटोमामाने मला उचललं. त्याला सगळं गाव मामाच म्हणायचं, त्याच्याहून मोठी माणसंसुद्धा. गल्लीच्या तोंडाशी त्याचा लहानसा स्टुडिओ होता. एक स्टूल, डोंगर रंगवलेला एक पडदा, आणि मागे लाल दिव्याची अंधारी खोली. रविवारी आम्ही दोघे चर्चच्या सेवेत असायचो. तिथे फुकट, पण तिथेच मामा सगळ्यात जास्त वेळ लावायचा.

मामाची एक खोड होती. बटण दाबण्याआधी तो समोरच्या चेहऱ्यासाठी मनातल्या मनात देवाचे आभार मानायचा. त्याचं म्हणणं असं, की देवाने हा चेहरा एकदाच केलाय, आपण नवीन काही करत नाही, त्याने केलेलं निदान नीट बघून तरी घ्यावं. विचार चांगला होता हो, पण तेवढ्यात समोरच्याचं हसू वाळून जायचं! एका नवरीने तर हसत हसत विचारलं, मग न हसता विचारलं, आणि शेवटी आईला विचारलं की हे मामा उभ्या उभ्या झोपलेत का. आमच्या अल्बमांतली निम्मी माणसं दातांच्या डॉक्टरकडे बसल्यासारखी दिसतात. तरी लोक पुन्हा आमच्याकडेच यायचे. कुरकुरायचे आणि यायचे. कारण आमच्या फोटोत ते त्यांच्यासारखे दिसायचे. एका बाईंना गालावरचा तीळ काढून हवा होता. मामाने शांतपणे सांगितलं की ज्याने दिला त्याला विचारून या. त्या तणतणत गेल्या आणि पुढच्या आठवड्यात तिळासकट फोटो घेऊन गेल्या.

मग चर्चला नवे सेक्रेटरीसाहेब मिळाले. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना सगळं जगाला दाखवायची घाई. गरजूंना ब्लँकेटं वाटायची होती, तेव्हा त्यांनी एका आजीला तेच ब्लँकेट पुन्हा पुन्हा परत करायला लावलं, कारण देणारा हात नीट दिसत नव्हता. आजी बिचारी गोंधळली. तिला वाटलं, आपल्याकडून काढूनच घेतायत. मामाच्या कपाळावरची शीर उडायला लागली. म्हटलं, आता हा बोलणार! पण त्याने माझ्या काचेवरचं झाकण काढलंच नाही, आणि झाकणासकट फोटो काढत राहिला. सेक्रेटरीसाहेबांना छापलेले फोटो दाखवले तेव्हा ते म्हणाले की फारच काळोख आलाय. मामा म्हणाला, हो, तसाच होता.

त्यानंतर फोन आले आणि माझे दिवस फिरले. चर्चचं पान फोनवर निघालं. ते सेक्रेटरीसाहेबांचे जावई सांभाळायचे. जावई जाहिरातीच्या कामातले. कुणाचंही पोट आत घ्यायचे, आकाश निळं करायचे, सुकलेल्या कुंडीत फुलं उमलवायचे. आणि जावई म्हटल्यावर कोण काय बोलणार! मी चर्चच्या या कपाटात गेलो. खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

आता घंटाकाकांबद्दल सांगतो. उंच, वाकलेले, गुडघे दुखणारे. चर्चची घंटा त्यांच्याकडे. घंटा उपासनेच्या आधी वाजवायची आणि मोठी प्रार्थना संपली की वाजवायची. हे दुसरं काम भलतंच अवघड, कारण आमच्या पाळकसाहेबांची, म्हणजे धर्मगुरूंची, प्रार्थना संपली असं वाटतं तेव्हा ते फक्त श्वास घेत असतात. आमेन म्हणतात आणि पुन्हा सुरू होतात. त्यामुळे घंटेचा दोर धरून खांबाशी उभं राहून, त्यांचा वर केलेला हात खाली कधी येतो याकडे काकांना लक्ष ठेवावं लागायचं. सगळी मंडळी डोळे मिटून, आणि काका टक्क उघडे ठेवून.

इतकी वर्षं मी मंडळीचे फोटो काढले, पण काका एकाही फोटोत धड नाहीत. बाकं लावायला तेच, खुर्च्या आणायला तेच, पडदा धरायला तेच. म्हणून कुठे त्यांचं कोपर आलंय, कुठे नुसता दोर धरलेला हात, कुठे बूट. सगळे तुकडे जोडले तरी अख्खे काका होणार नाहीत.

यंदा त्यांची मुलगी त्यांना कायमचं आपल्या गावी न्यायला येणार होती. गुडघ्यांमुळे काकांना घराचा जिना चढवत नव्हता. जाण्याआधी ते मामाच्या स्टुडिओत आले; हे मला नंतर मामानेच सांगितलं. डोंगराच्या पडद्याकडे बघत हळूच म्हणाले की मंडळीबरोबरचा एक फोटो हवा होता. मामाने त्यांना लगेच स्टुलावर बसवायला घेतलं. काकांनी मान हलवली.

"एकट्याचा नको रे. तिकडे गेल्यावर मला कोणी ओळखणार नाही. मी यांच्यातला होतो, एवढं दिसलं पाहिजे."

मामाने शब्द दिला. सुदैवाने चर्चचा वाढदिवस जवळ आला होता आणि भिंतीवर लावायचा मोठा फोटो मामानेच काढावा असा पाळकसाहेबांचा आग्रह होता. मला कपाटातून काढलं, झटकलं, तिपाईवर चढवलं. माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही! मंडळी पायऱ्यांवर उभी राहिली. मामाने काकांच्या हातातली खुर्ची अक्षरशः ओढून घेतली आणि त्यांना कडेला उभं केलं. मग खटका ओढला, बटणावर बोट ठेवलं आणि नेहमीसारखे आभार मानायला लागला. तेवढ्यात पाळकसाहेबांना आठवलं की प्रार्थना राहिलीच. त्यांनी हात वर केला. सगळ्यांच्या माना खाली. मामाचीही मान खाली. आणि मान खाली जाताना बोटही खाली गेलं.

खट्!

मामाला कमी ऐकू यायचं. त्याला पत्ताच नाही. आमेन झालं, सगळे हसले, मामाने पुन्हा बटण दाबलं. पण माझा खटका दर फोटोआधी ओढावा लागतो, आणि तो परत ओढलेला नव्हता, त्यामुळे मी गप्प. मी आतून जीव तोडून ओरडत होतो, पण कॅमेऱ्याला तोंड असतं का? मंडळी जेवायला पांगली, पाहुणे गाड्यांत बसले, आणि झालं.

दोन दिवसांनी लाल दिव्याखाली फोटो उमटला. सगळी मंडळी डोळे मिटून, माना खाली घालून. पाळकबाईंपासून कडेवरच्या बाळापर्यंत. फक्त कडेला घंटाकाका मान वर करून सरळ माझ्याकडे बघतायत. सवयच ती! मामा आधी पोट धरून हसला. मग स्टुलावर बसून रडला. त्याने त्यातला एकही केस न बदलता फोटो छापला.

सेक्रेटरीसाहेबांनी कपाळावर हात मारला. हा भिंतीवर लावला तर लोक म्हणतील, अख्खी मंडळी झोपलीय! मामाने सांगून पाहिलं की आम्ही खरोखर असेच असतो, प्रार्थनेत असतो, याहून चांगलं काय दाखवायचं? पण फोटो जावयांकडे गेला. जावई म्हणाले, चुटकीसरशी करून देतो.

रविवारी उपासनेनंतर फोटोवरचं कापड काढलं. तो काकांचा शेवटचा रविवार. शेजारी त्यांची मुलगी उभी होती. मी मामाच्या गळ्यात होतो, त्यामुळे मला सगळं दिसत होतं. फोटो झकपक होता. आकाश निळं, भिंती नव्या, आणि सगळ्यांचे डोळे उघडे. तरी कोणी टाळी वाजवेना. काहीतरी चुकत होतं. पाळकबाई स्वतःकडे बघून एक पाऊल मागे सरकल्या. कडेवरचं बाळ फोटोतून म्हाताऱ्यासारखं, समजूतदारपणे बघत होतं. गायकवृंदातल्या मावशींनी तोंडाला पदर लावला.

काका मात्र पुढे झाले. चष्मा वर सरकवून फोटोची एक कड बघितली, मग दुसरी बघितली. पुन्हा पहिली बघितली. मग म्हणाले, छान आलाय, सगळे छान आलेत. आणि खुर्च्या उचलायला वळले.

तेव्हा त्यांची मुलगी बोलली. आवाज चढवला नाही तिने.

"डोळे तर सगळे माझ्या बाबांचेच आहेत. मग बाबा कुठे आहेत?"

जावयांनी खुलासा केला की उघडे डोळे एकाच माणसाचे मिळाले, तेच सगळ्यांना बसवले, आणि तो माणूस अगदी कडेला असल्यामुळे चौकटीत मावला नाही. बोलता बोलता त्यांचं त्यांनाच कळलं आणि ते खाली बघायला लागले. सेक्रेटरीसाहेब फोटोसमोर उभे राहिले. घंटाकाकांचे डोळे लावलेले सेक्रेटरीसाहेब त्यांच्याकडे भिंतीवरून बघत होते. त्यांनी खुर्ची ओढली, वर चढले आणि स्वतःच्या हाताने फोटो उतरवला. मामाने पिशवीतून खरा फोटो काढला, आणि तिथे तो लागला. काकांना दुसरी प्रत मिळाली. ती त्यांनी सदऱ्याच्या आत, छातीशी ठेवली.

पाळकसाहेब शेवटची प्रार्थना करायला उभे राहिले. काका खांबाकडे निघाले, तर पाळकसाहेबांनी त्यांना पहिल्या बाकावर बसवलं.

"आज तुम्ही डोळे मिटा काका. दोराकडे मी बघतो."

काकांना कळेना, हातांचं काय करायचं. मग ते गुडघ्यावर ठेवले आणि डोळे मिटले. पाळकसाहेब डोळे उघडे ठेवून, एका हातात दोर धरून प्रार्थना करत होते. मामाने मला वर उचललं, काकांकडे रोखलं, आभार मानले, आणि बटण न दाबता मला खाली ठेवलं. मी रागावलो नाही. मी पाहिलं होतं.

मित्रांनो, तुमच्या खिशात आता माझी कितीतरी हुशार नातवंडं आहेत. त्यांना जपा, काच मऊ कापडाने पुसा. आणि फोटो काढताना कडेचा माणूस मावत नसेल, तर त्याला कापू नका रे. तुम्ही मागे सरका.