निवडलेला शाळू

दाणा अर्धा पांढरा होता. सुलाबाईनं तो चिमटीत धरून दाराच्या उजेडाकडं नेला. एक बाजू शाळूची असते तशी, पांढरी, जराशी पिवळसर झाक असलेली. आणि दुसरी काळी, कंदिलाच्या काचेवर काजळी धरते तशी, बोटानं घासली तर पुसली जाईल असं वाटायला लावणारी... तिनं घासून पाहिली. काळं गेलं नाही, नख तेवढं करडं झालं. हा आता कुठं टाकायचा? सुपात दोन ढीग होते, एक चांगल्याचा आणि एक टाकाऊ, आणि असे अर्धेमुर्धे दाणे कुठल्या ढिगात जातात हे तिला अजून ठरवता आलं नव्हतं. उठल्यापासून ती ते कधी इकडं टाकत होती, कधी तिकडं. हा तिनं चांगल्यात टाकला. दळल्यावर कुणाला कळतंय, असं मनाशी म्हणाली. आणि लगेच वाटलं, मला कळतंय की.

हा शाळू, हिवाळ्यातली ज्वारी, कुपवाडला जायचा होता, लेकाकडं. इंद्रजित तिथं एका कारखान्यात लोखंड कापायच्या मशीनवर होता. बायको सोनिया आणि शाळेत जाऊ लागलेली राजनंदिनी यांना घेऊन तिथंच भाड्यानं राहत होता. तो गेला त्या वर्षापासून घरचा शाळू त्याच्यामागं जात होता. विकतचं पीठ पोरानं खायचं म्हणजे काय? जतच्या पुढं, पाऊस नावालाच पडणाऱ्या या माळावर दुसरं काही पिकत नसेल, पण शाळू पिकत होता. थंडीच्या दवावर, जमिनीतल्या ओलीवर, कुणाकडं काही न मागता पिकत होता. सुलाबाईला आपण गरीब आहोत असं कधी वाटलं नव्हतं ते या एका धान्यामुळं.

यंदाही आला होता. कणसं अशी भरली होती की नाथाजीनं, तिच्या नवऱ्यानं, एक कणीस तोडून तळहातावर चोळून तिच्यापुढं धरलं होतं. बोलला काही नव्हता, तो बोलत नाहीच, नुसतं धरलं होतं. काढणी झाली, शाळूची ताटं रानात आडवी पडली, कणसं मोडायची तेवढी राहिली... आणि आभाळ आलं. त्या दिवसांत येऊ नये असं आभाळ. मग पाऊस जो लागला तो लागलाच. उघडला की उकाडा, उकाडा झाला की पुन्हा पाऊस. पावसाची वाट बघण्यात जिचा जन्म गेला ती बाई हात जोडून पावसाला थांब म्हणत होती, आणि आपण हे काय म्हणतोय याची तिला भीतीही वाटत होती. ऊन पडल्यावर ती रानात गेली तर पडल्या कणसाला हिरवे कोंब आलेले. दाण्यातनं दाणा उगवून आलेला! मागून नाथाजी आला. उभा राहिला.

"आवं, ह्येचं काय करायचं?"

"वाळवायचं," तो म्हणाला. "दुसरं काय करनार?"

वाळवला. गावात ज्याच्या-त्याच्या अंगणात तसाच काळा शाळू वाळत पडला. बाजारात व्यापाऱ्याच्या माणसानं पोत्यात हात घातला आणि लगेच काढून घेतला. तो हात त्यानं पँटला पुसला, ते तिच्या डोळ्यांपुढून जात नाही... म्हणून मग निवडायचा. सगळी दुपार बसावं तेव्हा टोपलीत जरासा जमतो. डोळ्यांपुढं नुसते ठिपके येतात. पण जमतो.

तिनं निवडलेल्या शाळूच्या पिशवीचं तोंड जुन्या लुगड्याच्या चिंधीनं बांधलं. नाथाजीसाठी संध्याकाळच्याही भाकरी थापून फडक्यात झाकून ठेवल्या, न निवडलेल्या शाळूच्या पिठाच्या, करड्या. त्या पिठाला चिकटाई नव्हती. थापताना कडा तुटत, तव्यावर टाकताना मधोमध चीर जाई. पहिल्या दिवशी अशी भाकरी ताटात पडली तेव्हा नाथाजीनं ती हातात घेऊन जरा वेळ बघितली होती, मग तुकडा मोडून कालवणात बुडवला होता. तेव्हापासून बघत नाही.

"उद्या येते म्हागारी," ती म्हणाली.

"हूं. पोरीला सांग, आज्यानं इचारलंय."

गाडीत तिनं पिशवी दोन्ही पायांच्या मध्ये धरली. बाहेर उन्हानं माळ पांढरा पडला होता. मग कालव्याचं पाणी आलेली गावं सुरू झाली आणि द्राक्षाच्या बागा, पुढं ऊस. या वाटेनं ती पूर्वी चालत गेली आहे. लग्न झाल्यावर कितीतरी वर्षं मेंढरांमागं, घोड्यावर बिऱ्हाड लादून, थेट कृष्णाकाठाला कुंडलपर्यंत. तिथं हंबीरराव म्हणून एक बागायतदार होते. त्यांच्या रिकाम्या रानात मेंढरं बसवायची, रानाला खत व्हायचं, आणि त्यांची बायको निघताना मापानं जोंधळा घालायची. एका साली इकडं माळावर काडीसुद्धा आली नव्हती. तेव्हा त्या बाईनं माप भरल्यावर वरून आणखी दोन ओंजळी टाकल्या होत्या. म्हणाली होती, "बाळतीन हायेस, खा." पोटाशी इंद्रजित होता तेव्हा... आमच्याकडं नसलं की तिकडं असायचं, इतकं साधं होतं ते. आता तिकडं रिकामं रानच नाही. बांधापासून बांधापर्यंत ऊस, मेंढरू शिरायला जागा नाही. ऊस नाही तिथं महापुरानं आणून टाकलेला गाळ. मागं एका लग्नात हंबीररावांची सून भेटली, तर तीच विचारत होती, तुमच्याकडं शाळू मिळंल का वो, चांगला? आमाला विकतच घ्यावा लागतोय. त्यावर आपण किती मोठेपणानं हसलो होतो! देऊ की, म्हणालो होतो. म्हणजे त्यांच्याकडं नाही, आणि आता आपल्याकडंही... मग आहे कुणाकडं? ऊस बाजूनं पळत राहिला. हिरवागार. त्याच्याकडं बघताना तिच्या तोंडाला कोरड पडली.

मिरजेत गाडी बदलून ती कुपवाडला पोचली तेव्हा इंद्रजित कामावर होता. राजनंदिनी धावत येऊन मांड्यांना बिलगली. फार हलकी लागली उचलायला; मागच्या खेपेपेक्षा हलकी, की मलाच तसं वाटतंय...? सोनियानं पाणी दिलं, पाया पडली, चहा ठेवला. पोरगी चांगली होती. कमी बोलायची, पण तिच्या बोलण्यात कधी काटा नसायचा.

"पिशवी ठिवते गं," म्हणत सुलाबाई आतल्या खोलीत गेली. धान्याचं पत्र्याचं पिंप कुठं असतं ते तिला ठाऊक होतं. झाकण काढलं. आत तिची मागची पिशवी होती. चिंधीनं बांधलेली, गाठ तिचीच, दोन वेढे देऊन टोक आत खुपसलेली. तिच्या आईनं तिला शिकवलेली. ती गाठ कुणी सोडलेलीच नव्हती. आणि तिच्याखाली त्याच्या आधीची पिशवी, तोंड उघडं, वरचा थोडासाच शाळू गेलेला.

ती तिथंच उभी राहिली. नवी पिशवी हातात तशीच. पहिल्यांदा राग आला. विकतचं गोड लागायला लागलं व्हय? राग आला म्हणून बरंही वाटलं, कारण रागात उभं राहायला जागा असते... मग मागं सोनियाची चाहूल लागली.

"आत्या," सोनिया म्हणाली. तिचे हात ओले होते, ते ती पदराला पुसत राहिली. "मी सांगनार हुते तुमाला."

"काय?"

"शिमग्यात राजी आजारी पडली हुती न्हाई का. उलट्या, जुलाब. तवा डाक्टरनं इचारलं पोरगी काय खाती. मी तुमचा शाळू दाखवला न्हिऊन. ते म्हनले, ह्यो बुरशीचा हाय, पोरीला देऊ नगा. मोठ्यांनीबी खाऊ नगा म्हनले."

"अगं पर मी एक-एक दाना निवडलाय."

"मला म्हाईत हाय, आत्या." सोनियाचा आवाज बारीक झाला. "म्हनूनच सांगवंना."

शिमग्यात. सुलाबाईला तो फोन आठवला. पोरगी आजारी आहे म्हटल्यावर आपणच सोनियाला सांगितलं होतं, कुणाचीतरी नजर लागली असंल, मीठ-मिरच्या उतरून टाक. आणि सोनियानं व्हय म्हणून, फोन कानाला धरून, उतरून टाकल्या होत्या. आपण तिकडून विचारत होतो, ठसका लागला का? न्हाई लागला? मग लय वंगाळ नजर हाय! कुणाची असेल म्हणून शेजारपाजारच्या बायकांचं एकेक नाव मनात घेतलं होतं... त्या वेळी पिंपात हा शाळू होता. माझ्या हातचा. मी उजेडाला धरून पाहिलेला.

राग कुठं गेला ते कळलं नाही. तो गेल्यावर तिथं काहीच उरलं नाही. रडूही नाही. दोष कुणाला द्यावा म्हणून ती मनात शोधू लागली. सोनियाला? ती गप्प राहिली ते माझ्यासाठी. डॉक्टरला? पावसाला? पावसाला शिव्या तरी कशा द्यायच्या, ज्याच्यासाठी जन्मभर नवस केले...

"कोंबड्यास्नी घाल कुनाच्या तरी," ती शेवटी म्हणाली.

सोनियानं सासूच्या हातातली पिशवी हळूच घेतली आणि भिंतीशी ठेवली.

इंद्रजित दिवस मावळायच्या आधी आला. अंगाला लोखंडाचा वास. आईचा चेहरा पाहून त्यानं बायकोकडं पाहिलं, आणि काय झालं ते त्याला समजलं. जेवायला बसले तेव्हा ताटात गव्हाच्या चपात्या होत्या, भात होता. चपाती मऊ होती, तिला चीर नव्हती. सुलाबाईनं घास खाल्ला आणि तो चांगला लागला. तो चांगला लागावा याचीच तिला लाज वाटली. मग सकाळपासून पोटात काही नव्हतं म्हणून दुसरा घास आपोआप गेला, तिसरा गेला. राजनंदिनी शेजारी बसून तिच्या ताटात आपल्यातला तुकडा टाकत होती.

"शाळू दुकानात हाय ना रं चांगला?" तिनं विचारलं.

"असतोय. कुठनं कुठनं येतोय. पर गव्हापरास लय म्हाग झालाय आता, आये. सनावाराला आनतो." इंद्रजितनं मान खाली घातली. "तुमी दोघंबी त्यो खाऊ नगासा. दादास्नी सांग."

"बरं," ती म्हणाली. आणि लगेच, "मग काय खायाचं?"

तिनं ते भांडणासाठी विचारलं नव्हतं. तिला खरंच विचारायचं होतं. रेशनवर मिळतात ते गहू-तांदूळ महिनाभर पुरत नाहीत. घरात भरलेली पोती आहेत, त्यांतलंच पेरणीचं बी बाजूला काढून ठेवलंय, तेही तसलंच. शिकलेला पोरगा, त्याला ठाऊक असेल असं तिला वाटलं. इंद्रजितनं भात कालवला, पुन्हा कालवला.

"हितंच ऱ्हावा की दोघंबी," तो म्हणाला. या जागेत पाच माणसं कशी मावतील हे तिघांनीही त्याच वेळी पाहिलं.

फोन वाजला. नाथाजीचा. पोचलीस का म्हणाला, व्हय म्हणाली. पोरगी बरी हाय का, हाय.

"आवं... जेवला का?"

"जेवलो की. भाकरी खाल्ली. सकाळला एक ठिवलीय."

तिच्या तोंडाशी आलं, खाऊ नगासा. एवढा एक शब्द. तो उच्चारला की त्या अंधारत चाललेल्या घरात तो फडकं उघडून भाकरीकडं बघेल, पहिल्या दिवशी बघितलं तसं. मग? तो उपाशी राहील. किंवा तिला बरं वाटावं म्हणून बरं म्हणेल आणि फोन ठेवून खाईल. यातलं काय वाईट, हे तिला ठरवता येईना. सोनिया, इंद्रजित तिच्याकडं बघत होते. आता ती सांगेल, असं.

"बरी हुती," पलीकडून नाथाजी म्हणाला. "भाकरी. आज बरी झालीती."

"व्हय," ती म्हणाली. "जपून ऱ्हावा."

फोन बंद झाला. सोनियानं ताटं गोळा केली, ओट्याकडं गेली. नळाखाली भांड्यांचा आवाज सुरू झाला, आणि तिथूनच तिनं नेहमीसारखं, घरात जड झालेलं काहीतरी हलकं व्हावं म्हणून विचारलं,

"आत्या, उद्या काय करू वो जेवायला?"

किती वर्षांत किती बायकांनी तिला हे विचारलं असेल, तिनं किती जणींना विचारलं असेल. विचारताना उत्तर ठाऊक असायचं, भाकरी. कालवण कशाचं एवढंच विचारायचं असायचं. आता सुलाबाईनं तोंड उघडलं. सांगायला म्हणून ती मनाच्या आत शिरली, जिथून आजवर न शोधता सापडायचं तिथं, आणि तिथं हात फिरवत राहिली. लांब. आणखी लांब. सोनियानं नळ बंद केला. उत्तर ऐकू यावं म्हणून असेल. राजनंदिनीही आजीच्या मांडीवरून मान वर करून, काय सांगते ते ऐकायला, तिच्या तोंडाकडं बघू लागली.