तुलाही तेच

"हात ढिला सोड, केशर. मूठ वळलीस तर काचंला जागा कुठून मिळंल?"

जैतूनबीने केशरबाईचा पंजा आपल्या गुडघ्यावर घेतला आणि अंगठ्याखालचं हाड हळूहळू दाबत राहिली. बांगड्या भरण्याचं काम तिच्या सासरी चार पिढ्यांचं. धावड्यात आणि आसपासच्या पाच-सात खेड्यांत तिच्या हातातून गेला नाही असा बाईचा हात नव्हता. नवरीचा हात घामाने थंड, बाळंतिणीचा मळलेल्या पिठासारखा, भांडून आलेलीचा तापलेला. बायका तोंडाने सांगायच्या त्याच्या आधी त्यांचे हात सांगून मोकळे व्हायचे.

आज केशरबाईचा हात लाकडासारखा होता. चुलीपाशी कपाळ बडवून घेताना तिने दोन्ही हातांतल्या बांगड्या वाढवल्या होत्या. शुक्रवार, वर दिवेलागण जवळ आलेली. सवाष्णीने भुंड्या हाताने राहू नये म्हणून सासूने तिला मणियारांच्या घरी धाडलं होतं.

"संपतला जाऊन किती दिस झाले?"

"आज नववा. त्याचे बाप जालन्याच्या स्टँडवर दोन डाव जाऊन आले. कोनी म्हनतं औरंगाबादला पाह्यला, कोनी म्हनतं भुसावळच्या गाडीत बसला. जो तो सांगून राह्यला, अन् पोराचा पत्ता न्हाई."

पहिली हिरवी बांगडी हाडावरून अलगद उतरली. मग दुसरी.

"भाबी, तुमच्यात कसं मागत्यात वो देवाला?"

"म्हंजी?"

"म्हंजी काय रीत हाय? आमचे समदे देव करून झाले."

जैतूनबीने तिसरी बांगडी उजेडात धरून चीर पाहिली. "आधी हात-तोंड धुवायचं. पच्छिमेला तोंड करून बसायचं. हात असे, छातीएवढे वर, तळवे उघडे. आल्या आल्या आपलं रडगाणं न्हाई सांगायचं. पहिले त्याची तारीफ करायची, मंग पैगंबरसाहेबांवर दरूद-सलाम म्हनायचा, अन् त्याच्या मागून आपलं."

"एवढं लांबन? मी तर मारुतीला दम भरते. म्हन्लं, पोरगा आन, न्हाईतर शेंदूर बंद."

जैतूनबीला हसू आलं. "दम न्हाई भरायचा. तुझी मर्जी असंल तर दे, असंबी न्हाई म्हनायचं. देनारच हाय असं धरून मागायचं. जल्दी बिलकुल करायची न्हाई. मागितलं अन् मिळालं न्हाई, असं तोंडातून गेलं की मागनं वाया."

"अन् वरडून?"

"हळू. तो काय बहिरा हाय?"

"मंग तुमीच मागा, भाबी. तुमाला बराबर येतं."

बराबर. जैतूनबीच्या हातातली बांगडी तशीच राहिली.

बराबर तर तिने एकदाच मागितलं होतं. अकरा वर्षांपूर्वी, त्र्याऐंशी साली, अशाच शुक्रवारी. तिचा मुनीर तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. बायकांचे हात धरत गावोगाव फिरायची त्याला शरम वाटायची. त्या दुपारी त्याने बांगड्यांची अख्खी पाटी अंगणात आपटली आणि चपला घालून निघाला. जैतूनबी दिवस कलतानाची असरची नमाज आटोपून मुसल्यावर, नमाजाच्या चटईवर, बसली होती. हात-तोंड धुतलेलं, वजू होता. तोंड पश्चिमेला होतं. दरूद म्हणून झाला होता, तळवे वर होते. शुक्रवारी असरनंतर एक घटका अशी येते, की तेव्हाचं मागणं परत जात नाही, हे लहानपणी तिला कुराण शिकवणाऱ्या उस्तानीबीने सांगितलं होतं. मुनीर अंगण ओलांडून गेला आणि त्याच्या पाठीमागे, अगदी हळू आवाजात, ती म्हणाली, "या अल्लाह, याचं तोंड मला पुन्हा दिसू देऊ नको."

अदबीत कसूर म्हणून काही राहिली नव्हती. कसूर फक्त मागण्यात होती.

मुनीर गेला तो गेला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी वेणी घालायला ती गिऱ्हाइकांच्या आरशापुढे उभी राहिली, तेव्हा आरशात मागची भिंत दिसत होती, खुंटीला टांगलेल्या बांगड्यांच्या माळा दिसत होत्या, डोक्यावरचा पदर दिसत होता. पदराच्या आत काही नव्हतं. ढवळलेल्या पाण्यासारखं नुसतं हलत होतं. तिने आरसा पुसला. विहिरीत वाकून पाहिलं, पितळी ताटात पाहिलं. सगळीकडे तेच.

भीत भीत ती उस्तानीबीकडे गेली. म्हातारीने आरसा दोघींच्या समोर धरला. "मला तर आपण दोघी दिसून राह्यलो," ती म्हणाली. मग सगळी हकिकत ऐकून तिने आरसा पालथा घातला. "जैतून, एखाद्याच्या पाठीमागं त्याच्यासाठी मागितलं, तर डोक्यापाशी उभा असलेला फरिश्ता आमीन म्हनतो. अन् म्हनतो, तुलाही तेच. भल्यासाठी सांगितलंय ते. तू कशासाठी वापरलंस?"

उस्तानीबी आता मातीत होती. जैतूनबीने दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही. आपण म्हातारे दिसतो का, कुणासारखे दिसतो, तिला ठाऊक नव्हतं. दुआ संपवून तळवे तोंडावरून फिरवायचे असतात, तेवढ्यापुरती तिची स्वतःशी गाठ पडे. गालफडं बसत चालली, कपाळाला आठ्या आल्या, ते तिला हातांनी सांगितलं.

मुनीरसाठी मागायला जीभ उचलत नसे. म्हणून तिने दुसरी वाट धरली होती. धावड्यातलं कुणी परगावी गेलं, कुणाचं माणूस दवाखान्यात पडलं, की ती त्यांच्या पाठीमागे त्यांच्यासाठी हात उचलायची आणि कान मागे लावून बसायची. तुलाही तेच. फरिश्त्याने एकदा तेवढं म्हणावं. अकरा वर्षं तिने परक्यांच्या लेकरांआडून आपलं लेकरू मागितलं, आणि पाठीमागे कधी पान हललं नव्हतं.

आत्ताही तिचं मन त्याच वाटेला लागलं होतं. हिचा संपत, आणि त्याच्या आडून माझा मुनीर. स्वतःची तिला किळस आली.

"मागते," ती खाली मान घालून म्हणाली आणि शेवटची बांगडी चढवली. रिवाजाप्रमाणे केशरबाईने भरल्या हातांनी वाकून तिला नमस्कार केला, आणि वाकली ती वाकलेलीच राहिली.

"जेवत होता, भाबी. त्याच्या बापाम्होरं मी बोलले, एवढा घोडा झाला अन् फुकट गिळतो. तसाच ताटावरून उठला. हात न्हाई धुतला त्यानं. उष्टा हात घेऊन गेला."

जैतूनबीने तिला खांद्याला धरून उठवलं. तिने वजू केला, मुसला अंथरला. केशरबाई तिच्या पाठीमागे दाराच्या चौकटीला टेकून बसली. समोरच्या खिडकीतून मावळतीचं ऊन सरळ जैतूनबीच्या तोंडावर येत होतं. असरची नमाज झाली. तिने तारीफ केली, दरूद म्हटला, तळवे उघडले, आणि पुढचे शब्द तिला सापडेनात. डोळ्यांपुढे फक्त एक हात होता. वरण-भाकरीने माखलेला, बोटांवर वाळलेला. त्या पोराने तो कुठे धुतला असेल? कोण्या स्टँडच्या नळावर? की तसाच खिशात घालून हिंडत असेल?

"या अल्लाह," ती घरच्या बोलीत पुटपुटली, "उस बच्चे के हाथ कोई धुला दे. उसकू कोई बोले, बैठ, खा ले. उसकू माँ के पास भेज दे."

एवढंच. आणखी काही मागायचं राहिलं आहे हे तिच्या लक्षातही आलं नाही.

"आमीन."

आवाज मागून आला, उजव्या खांद्यापाशी. केशरबाईचा म्हणावा, तर ती नऊ रात्रींची जागी, चौकटीलाच झोपली होती. तिचं घोरणं एका लयीत चाललं होतं, आणि प्रत्येक श्वासाबरोबर नव्या बांगड्या बारीक किणकिणत होत्या. आवाज त्या घोरण्याच्या वर, वेगळा होता. आणि त्याच्या मागून आणखी दोन शब्द आले.

जैतूनबीच्या मानेवर काटा उभा राहिला. तिने वळून पाहिलं नाही. डोळे मिटले आणि रीतीप्रमाणे दोन्ही तळवे तोंडावर ठेवले.

तळव्यांखाली खरखरीत लागलं.

हनुवटीवर चार दिवसांची दाढी होती. गाल भरलेले, उन्हाने रापून जाड झालेले. कपाळ रुंद, कडेचे केस मागे हटलेले, तिशीच्या माणसाचे असतात तसे. तिची बोटं भीत भीत वर सरकली. डाव्या भुवईत तांदळाएवढी खाच होती. मुनीर बाभळीखाली पडला होता तेव्हाची, पाचव्या वर्षीची. पापण्यांखाली डोळे हलले, आणि बोटं ओली झाली.

पाहायचं नाही, असं तिने स्वतःच मागितलं होतं. तिने डोळे उघडले नाहीत.

तळवे तोंडावरून एकदा फिरवायचे आणि खाली घ्यायचे, अशी अदब आहे. मशिदीत मगरिबची अजान सुरू झाली, संपली. केशरबाई दचकून जागी झाली, "भाबी, दिवा लावायचा ना?" म्हणाली. जैतूनबीने हात खाली घेतले नाहीत.