चौदा दारांचा ब्रश

मित्रांनो, मी एक जुना ब्रश आहे. चार बोटं रुंद, राठ केसांचा, मुठीवर अंगठ्याची खाच पडलेला. माझं सगळं आयुष्य कैरोतल्या शुब्रा भागात गेलं.

माझे पहिले धनी उस्ता मिनशावी. आमच्याकडे मुरलेल्या कारागिराला उस्ता म्हणतात. भिंतींना ते दुसरे ब्रश वापरत. मला फक्त दारांवर ऑइलपेंटचा शेवटचा हात देताना बाहेर काढत. नव्या ब्रशाचे केस गळून ओल्या रंगात अडकतात. माझे गळायचे ते पहिल्याच वर्षी गळून गेले होते. आमच्या धंद्यात दाराची परीक्षा एकच. चमक अशी हवी, की दारात बघून मिशी नीट करता आली पाहिजे.

मग उस्ता वारले. मी रॉकेलच्या डब्यात तसाच राहिलो. रॉकेल उडून गेलं आणि मी दगडासारखा कडक झालो. दोन वर्षं मला कुणी विचारलं नाही.

एके दिवशी त्यांच्या पत्नीने, इन्शिराहने, मला उचललं. घरमालकीण हज्जा तफीदांना इमारतीतली चौदा दारं रंगवून घ्यायची होती. नवऱ्याबरोबर अकरा वर्षं पॉलिशपेपर घासलेल्या इन्शिराहला ते काम हवं होतं. उस्तांचे जुने जोडीदार बयुमी यांनाही हवं होतं.

हज्जा म्हणाल्या, "माझ्या दिवाणखान्याचं दार करून दाखव. शुक्रवारी पाहुणे आहेत, त्याआधी बयुमीच तपासतील, त्यांच्या नजरेतून चूक सुटायची नाही. पास झालीस तर सगळी दारं तुझी."

बयुमी हसले. "वहिनी, वांगी भरणं वेगळं आणि दार रंगवणं वेगळं."

"तुम्हाला दोन्हीतलं एकच जमतं उस्ता, म्हणून तसं वाटतं."

तिने मला तीन दिवस टर्पेंटाइनमध्ये भिजवलं, जुन्या फणीने केस विंचरले. मी पुन्हा मऊ झालो.

बुधवारी रंग लावायचा, तर सकाळीच खमसीन सुटला, वाळूचा पिवळा वारा. बयुमी जिन्यातूनच ओरडले, "आज रंग लावलास तर दाराची बसबूसा होईल, रव्याची खरबरीत मिठाई!"

इन्शिराहने खिडक्यांवर ओल्या चादरी टांगल्या, फरशीवर पाणी शिंपडलं, तंतू उडू नयेत म्हणून अंगावरची लोकरीची शाल काढून बाहेर ठेवली. ओल्या फडक्याने दार पुसलं, सुकू दिलं. मग मला रंगात बुडवलं, अर्ध्या केसांपर्यंतच.

दार रंगवून झालं, तरी त्यावर माझ्या बारीक रेघा दिसत राहिल्या. तिची मूठ पुन्हा पुढे झाली. चिकट होत आलेल्या रंगावर मी परत फिरलो असतो, तर सगळं दार ओरबाडलं गेलं असतं. ती श्वास रोखून थांबली. हळूहळू रेघा आपोआप मिटल्या.

शुक्रवारी सकाळी बयुमी आले. त्यांनी दार बाजूने पाहिलं, खालून पाहिलं, वाळूचा एक कण शोधायला बोट फिरवलं. सापडला नाही. मग ते समोर उभे राहिले. आणि त्यांचा हात नकळत वर गेला. मिशीचं डावं टोक त्यांनी हलकेच पिळलं.

हज्जा खो खो हसल्या. "उस्ता, शृंगार झाला असेल तर निकाल सांगा!"

"माझ्या हातानेच सांगितला की," बयुमी म्हणाले. "वहिनी, मिनशावीने हे दार बघायला हवं होतं."

मित्रांनो, आता चौदाही दारं झाली. शेजारच्या इमारतीतूनही निरोप आला आहे. इन्शिराह कितीही दमली तरी मला धुऊन, कागदात गुंडाळून खिळ्याला टांगल्याशिवाय चहाला बसत नाही. तुमच्या घरच्या ब्रशालाही असंच जपा. बयुमी हल्ली मला उसना मागतात. ती अजून तरी देत नाही.