येसूबाईंची थाप

विश्रामने ड्रमच्या काठ्या मांडीवर ठेवल्या आणि दाराकडे कान लावला. दिग्विजयने गिटारच्या तारा तळहाताने दाबून धरल्या. पाच मिनिटं झाली, तरी जिन्यावर पाऊल वाजलं नाही.

“बस, पती गयुं,” विश्राम म्हणाला. “येसूबाई आल्या नाहीत. संपलो आपण.”

फतेगंजातल्या या माडीवर ‘अष्टवक्र’ सोळा वर्षं मेटल वाजवत होतं. तेही साधंसुधं नाही, सात-सात मात्रांचं, ऐकणाऱ्याला गरगरायला लावणारं. बाकीचे अमेरिकेला गेले, हे दोघे उरले. आणि सोळाही वर्षं खालच्या येसूबाई लाटणं घेऊन वर येत, दार बडवत. हे आत चिडीचूप बसायचे आणि त्या गेल्या की हसून लोळायचे. एक्क्याण्णव सालच्या पहिल्या कॅसेटीत तर ती थापच रेकॉर्ड झाली होती; ती मोठ्या अभिमानाने तशीच ठेवली. तेव्हापासून नियमच झाला, येसूबाई आल्या की गाणं पास.

नव्या अल्बममधून मात्र दिग्विजयने आरडाओरडा काढून टाकला होता. कीबोर्डवर बासरी वाजवून घातली होती. एका गाण्यात तर तो चक्क गात होता.

“वाढलोय रे आपण,” तो म्हणाला.

“म्हातारे झालोय, सरळ बोल ना!” दिवसभर प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपात घणाचे आवाज ऐकून आलेल्या विश्रामला संध्याकाळी बासरी सोसत नव्हती. “ठरलंय आपलं. त्या आल्या तर अल्बम तुझ्या मनासारखा. नाही आल्या तर मी सोडला बँड.”

विश्रामशिवाय ‘अष्टवक्र’ म्हणजे तरीशिवाय सेवउसळ.

“अजून एकदा वाजवू,” दिग्विजय म्हणाला. “जरा मोठ्यानं.”

“लबाड आहेस,” विश्राम म्हणाला, पण त्याने काठ्या उचलल्या.

पुन्हा वाजवलं. पुन्हा कुणी आलं नाही. आता मात्र दोघांनाही भलतीच धास्ती वाटली. बाईंचं वय झालेलं, घरात एकट्या. दोघे तसेच अनवाणी जिना उतरले.

येसूबाई ओटीवर पाय पसरून वालपापडी निवडत होत्या. दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधलेले.

“मावशी, बऱ्या आहात ना? वर नाही आलात आज,” दिग्विजय म्हणाला.

“हे गुडघे घेऊन? आणि येऊन करू काय? कधी दार उघडलंत मेल्यांनो?”

“म्हणजे... आवाजाचा त्रास नाही झाला?”

“आवाजाचं काय रे मला! माझे वडील संस्थानच्या दरबारी तबलजी. तबला ऐकतच वाढले मी.” त्यांनी एक शेंग विश्रामवर रोखली. “हा सातव्या मात्रेला हात उशिरा टाकतो. ते सांगायला येत होते. सोळा वर्षं!”

विश्राम तिथंच पायरीवर टेकला.

“तुझं गाणं सुधारलंय हो,” त्या दिग्विजयला म्हणाल्या. “बासरी गोड आहे. हा मात्र होता तिथंच आहे.”

एरवी दिग्विजयने टाळी मागितली असती. पण विश्रामचा चेहरा बघून त्याने हात खिशात घातला.

विश्राम तडक वर गेला. कपाटातून जुनी कॅसेट काढून त्याने लावली. ढणढणाट सुरू झाला, मग मधेच ती थाप आली. तो लाटण्याचे ठोके बोटांवर मोजत राहिला. सात. पुन्हा सात. पुन्हा सात, सगळे घोटीव. आणि मागून त्याचे स्वतःचे ड्रम धापा टाकत येत होते.

त्याने कॅसेट बंद केली. दिग्विजय दारात उभा राहून तो काय म्हणतो याची वाट बघत होता.

विश्राम उठला, मोठा ड्रम त्याने दोन्ही हातांनी कवटाळला.

“झांजा तू घे, दिग्या,” तो म्हणाला. “खालीच मांडू. त्यांना जिना चढवत नाही.”