तीनशे बारांतली एक

मी खोटं बोलतो, हे आमच्या गावात कुणाला सांगावं लागत नाही. "पाऊस लागलाय" म्हटलं तर लोक खिडकीतून हात बाहेर काढून बघतात. मधुबाज पक्ष्यांच्या थव्याला दोर अडकवून मी काळ्या समुद्रावरून तुर्कांच्या ट्रॅबझोनला गेलो आणि येताना बायकोला चपला आणल्या, ही गोष्ट जवळच्या बातुमी शहराच्या मासळीबाजारातसुद्धा पोचली आहे. चपला मात्र खऱ्या होत्या.

ही गोष्ट दुर्सूनची आहे, म्हणून हिच्यात मी पदरचं काही घातलेलं नाही. जिथे घातलं होतं, तिथे तसं सांगेन.

दुर्सून आणि मी एकाच वर्षी जन्मलो, एकाच चहाच्या मळ्यात राबलो आणि एकाच टेकडीवर ससाणे धरत म्हातारे झालो. आमच्याकडची रीत अशी: खाटीक पक्षी काठीला बांधून जाळ्यापुढे नाचवायचा, की वरून चाललेली ससाणी झेप घेते आणि अडकते. नर हाती लागला तर सोडून द्यायचा, ठेवायची ती मादी. आठवडाभर तिला हातावर घेऊन हिंडायचं, चहाला, लग्नाला, मयताला, म्हणजे ती माणसाळते. मग महिनाभर लाव्यांची शिकार. आणि मका घरात आला की तिला सोडायचं. कितीही जीव लागला तरी ठेवायची नाही. ती हंगामाची पाहुणी.

सोडतानाही पद्धत आहे. आधी पोटभर चारायचं. मग पायातली चामड्याची वादी चाकूनं कापायची. मग तोंड दक्षिणेला करून हात वर. कापलेली वादी धरणाऱ्याच्या घरी खुंटीला. दुर्सूनच्या खुंटीला सत्तेचाळीस होत्या. वादी न कापता सोडलेली ससाणी जगत नाही. कुठल्यातरी फांदीत वादी गुंतते आणि ती उलटी लटकून मरते. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

बारा-तेरा वर्षांपूर्वी परदेशी पोरंपोरी दुर्बिणी घेऊन टेकडीवर आली. ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत वर बसून ती दक्षिणेला जाणारे शिकारी पक्षी मोजतात. आम्ही हसलो. नद्यांमधलं पाणी मोजायलाही येणार का, असं मी विचारलं. दुर्सून हसला नाही. मक्याची भाकरी आणि चीज घेऊन तो वर गेला, त्यांच्याशेजारी बसला, आणि मग दर वर्षी बसला. त्यांचा नियम त्याला फार आवडायचा. पक्षी गरम हवेत भोवऱ्यासारखे फिरत वर चढतात, तेव्हा मोजायचे नाहीत. समोरच्या मनोऱ्यापासून पडक्या चहा-कारखान्याच्या धुराड्यापर्यंत मनातल्या मनात एक रेघ ओढायची. पक्ष्यानं रेघ ओलांडली की हातातला मोजणीचा खटका दाबायचा. ओलांडली म्हणजे मोजला. पलीकडे त्याचं काय झालं, ते आपलं काम नव्हे.

"बघ शुक्री," दुर्सून म्हणायचा, "तुझ्यासारख्याला आवरायला अशी एक रेघ हवी होती."

या शरदात दुर्सून वर आला नाही. सप्टेंबरात ससाणी धरली आणि पंधरा दिवसांनी त्याच्या छातीत पाणी झालं. बातुमीच्या डॉक्टरनं त्याला घरी पाठवलं. घरी का पाठवलं, हे त्याच्या बायकोला, फादिमेवहिनीला, कळलं होतं आणि मलाही. मग ससाणीला चारणं, हातावर हिंडवणं माझ्याकडे आलं, आणि रोज टेकडीवरचा आकडा आणून देणंही.

"किती?" तो उशीवरून विचारायचा.

"चार हजार दोनशे."

"अर्धे तुझे की सगळे खरे?"

"फेमकेनं लिहून दिलंय, हा कागद बघ."

फेमके म्हणजे मोजणाऱ्यांची म्होरकी. हॉलंडची, सहा फूट उंच, आमची भाषा बोलते पण शिव्या जास्त चांगल्या देते.

ऑक्टोबरच्या मध्याला दुर्सूननं मला जवळ बसवलं. "ससाणीला आता सोड," तो म्हणाला. "पण आपल्या अंगणातून नको. रेघेच्या अलीकडून, टेकडीवरून सोड. सत्तेचाळीस सोडल्या मी, शुक्री. सगळ्या इथून, रेघेच्या पलीकडून. एकही मोजली गेली नाही. ही तरी कुणाच्या वहीत राहू दे."

"राहील."

"आणि गोष्टी सांगत बसू नकोस. सोड आणि ये."

"मी कधी सांगतो गोष्टी?"

वहिनी हसली. त्या महिन्यातलं तिचं तेवढंच हसणं.

सकाळी मी ससाणीला पोटभर चारलं, चाकू खिशात टाकला आणि वर गेलो. आभाळ धुतल्यासारखं होतं. फेमके आणि तिची चार पोरं दुर्बिणीला डोळे लावून होती. माझ्या हातावर ससाणी बघून सगळी वळली. पिवळे डोळे, छातीवर आडव्या रेघा, हरणाच्या कातड्याची मऊ वादी. दुर्सूननं स्वतः तेल चोळून मऊ केलेली.

"शुक्रीआजोबा, एक गोष्ट तर सांगा," त्यातलं एक पोर म्हणालं.

मी नाही म्हणायला हवं होतं. पण पाच माणसं तोंडाकडे बघत असली की माझी जीभ माझी राहत नाही. मी माझ्या आजोबांच्या ससाणीची गोष्ट काढली. झारच्या काळात एक कर्नल गावात लाव्यांवर कर बसवायला आला. त्याची मिशी एवढी झुपकेदार, की ससाणीला वाटलं गवतात दोन लावे बसलेत. "आणि आजोबांनी," मी म्हणालो, "काय केलं? हात असा वर केला—"

आणि मी हात वर केला.

ती उडाली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. ती खाली झुकली, मग वारा धरून चढली, आणि धुराड्याच्या बाजूनं सरळ रेघेवरून दक्षिणेला गेली. फेमकेनं खटका दाबला.

माझा दुसरा हात खिशात होता. चाकू उघडलाच नव्हता.

"आजोबा, तुम्हाला बरं नाही का?" फेमकेनं विचारलं. मी म्हटलं, उन्हानं. त्या दिवशी थंडी होती.

परत येताना मी आधी माझ्याच घरी गेलो. कोठारात जुन्या वाद्या होत्या, दहा-पंधरा वर्षं वाळलेल्या. त्यातली एक चाकूनं कापली आणि दुर्सूनला नेऊन दिली. इथे मी पदरचं घातलं, हे लिहून ठेवतो.

दुर्सूननं ती बोटांत फिरवली. "ताठ झालीय," तो म्हणाला.

"दवात भिजली. मग उन्हात वाळली."

"मोजली?"

"मोजली. आज तीनशे बारा ससाणे झाले. त्यात ती."

"तीनशे बारांतली एक," तो म्हणाला, आणि वादी उशीखाली ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून माझी दोन कामं झाली. सकाळी मी काठी घेऊन रेघेच्या दक्षिणेची प्रत्येक घळ, प्रत्येक हेझलनटची बाग, रानटी झालेला चहा धुंडाळायचो, कुठे काही लटकतंय का बघायचो. लोक विचारत, "म्हातारबा, काय हरवलं?" मी म्हणायचो, दात. संध्याकाळी दुर्सूनपाशी बसून गोष्टीतल्या ससाणीला दक्षिणेला न्यायचो.

"कुठवर?"

"आज कार्सच्या पुढे."

"तुर्कांनी पासपोर्ट विचारला का?"

"विचारला. तिनं शिपायाची टोपी उचलली."

तो हसायचा, मग खोकायचा, मग वहिनी मला डोळ्यांनी गप्प करायची. वानचं सरोवर झालं. युफ्रेटिस झाली. आणि दिवसा मला काही सापडत नव्हतं, तेव्हा मीही थोडाथोडा विश्वास ठेवू लागलो. कुणी सांगावं, वादी सुटलीही असेल.

आठव्या दिवशी कावळे ओरडत होते म्हणून ओढ्याकडे उतरलो. अक्रोडाच्या वरच्या फांदीत ती होती. डोकं खाली, पंख उघडे. दुर्सूननं वादीला मारलेली गाठ फांदीच्या बेचक्यात पक्की बसली होती. रेघेपासून पंधरा मिनिटांच्या चालीवर. सत्तराव्या वर्षानंतर माणसानं झाडावर चढू नये, पण मी चढलो. हातात घेतली तर वजन काहीच नव्हतं. तिथेच पुरली आणि वादी घेऊन टेकडीवर गेलो.

"फेमके, त्या दिवसाच्या तीनशे बारांतली एक कमी कर."

तिनं वादी बघितली. तिला सगळं कळलं, कारण बारा वर्षांत दुर्सूननं तिला सगळं शिकवलं होतं. ती माझ्याजवळ खाली बसली.

"नाही होत, आजोबा," ती म्हणाली. "ती माझ्या डोळ्यांसमोर रेघेवरून गेली."

"पण मेली ना."

"यातल्या पुष्कळ मरतात. वाळवंटात, वाटेत, बंदुकीनं. आम्हाला कळत नाही. गेली एवढंच लिहितो."

"मग माझ्या थापांत आणि तुमच्या वहीत फरक काय?"

ती रागावली नाही. तिनं माझ्या हातात चहाचा पेला दिला आणि पुन्हा दुर्बिणीला डोळा लावला, कारण वरून घारी चालल्या होत्या.

त्या संध्याकाळी मी ठरवलं, की सत्तर वर्षांत एकदा तरी या माणसाशी खरं बोलायचं. दुर्सून फार उतरला होता. ओठ निळसर झाले होते. वहिनी पेल्यातून चमच्यानं पाणी पाजत होती.

"कुठवर?" त्यानं विचारलं.

"दुर्सून, ती मेली. ओढ्यावरच्या अक्रोडात लटकून. मी वादी कापली नव्हती. गोष्ट सांगत होतो. तुला दिली ती वादी माझ्या घरची होती."

मी त्याची वादी रजईवर ठेवली.

त्यानं ती उचलली. अंगठा गाठीवर गेला, स्वतःच्या गाठीवर, आणि तिथेच राहिला. वहिनीच्या हातातला चमचा थांबला. बाहेर कुणाची तरी कोंबडी ओरडत होती.

मग त्यानं वादी माझ्या तळव्यात ठेवली आणि माझी बोटं एकेक करून मिटवली. "ही तुझी," तो म्हणाला. "माझी उशीखाली आहे."

"दुर्सून, मी खरं—"

"जन्मभर तू मला थापा मारल्यास, शुक्री. ही सगळ्यांत भिकार. आजारी माणसाला अशी गोष्ट सांगतात?" तो श्वास घेईपर्यंत थांबला. डोळ्यांच्या कडा ओल्या होत्या, पण ते खोकल्यानंही होतं. "चल. नीट सांग. कुठवर पोचली?"

मी वहिनीकडे बघितलं. तिनं मान हलवली. सांगा भावोजी, अशी.

मी सांगितलं. वाळवंट संपलं, मोठी नदी लागली, नाईल. तिकडे लावे इतके माजलेत की उडता येत नाही, बाजाराला जाणाऱ्या बायांसारखे ओळीनं चालत जातात. तिनं दोन खाल्ले आणि तिसरा उद्यासाठी ठेवला.

"आणि आता?"

"आता झाडावर बसलीय. झोपेल."

"कसलं झाड?"

जन्मभर मला शब्द कधी कमी पडले नाहीत. पण त्या वेळी जगातलं दुसरं एकही झाड मला आठवेना.

"अक्रोडाचं," मी म्हणालो.

"तिकडे अक्रोड नसतात, गाढवा," दुर्सून म्हणाला आणि त्यानं डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी मी फेमकेचा कागद घेऊन गेलो, तेव्हा फादिमेवहिनी दारातच उभी होती, उशीखालची वादी हातात घेऊन.